कूस

पहाटे तीनला खोडदच्या आलेखावर
दर चार मिनिटांनी एक काटा उभा राहतो.
पूर्वेकडच्या सहा तबकड्यांना जास्त, बाकीच्यांना कमी.
म्हणजे आकाशातला नाही.
आकाशाला अशी घाई नसते.

मी जीपवर छोटा अँटेना बांधून निघते.
पिठाची गिरणी बंद.
वेल्डिंगवाला रज्जाक झोपेतून उठून
दोन्ही हात वर करतो, "या वेळी मी नाही, मॅडम."
कॅनॉल ओलांडल्यावर काटा दुप्पट होतो,
आणि मला ओढत नेतो एका पत्र्याच्या खोलीपाशी.

शेवंता डुंबरे दार उघडतात.
आत थर्माकोल लावलेली पेटी, दोन बल्ब,
ठिणगी टाकणारा एक जुना थर्मोस्टॅट,
आणि दोनशे चाळीस गावरान अंडी.
प्रत्येकावर पेन्सिलीनं
एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोल.
"दिवसातून तीनदा कूस बदलावी लागते,
नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो."

मी काय शोधते ते मला कधीच धड सांगता येत नाही.
सांगते, की एकही तारा पेटला नव्हता
तेव्हा सगळीकडे नुसता हायड्रोजन होता,
गार, काळोखात.
त्यातला एकेक अणू
कोटभर वर्षांतून एकदा कूस बदलतो.
तेव्हा त्याच्यातून एक लाट सुटते,
एकवीस सेंटिमीटरची.

"म्हणजे केवढी?"
मी वीत उघडून दाखवते.
"वाटेत जग ताणलं गेलं, तशी तीही ताणली.
इथं पोचते तेव्हा त्या बाजेएवढी."
शेवंताबाई बाजेकडे बघतात.
बाजेवर थोरला झोपलाय, पाय बाहेर.

"आणि मधेच आमची पेटी बोलते."
"हो."
"किती रात्री बंद ठेवायची?"
मी पाच म्हणणार असते.
"एका रात्रीत गार पडतील. एकवीस दिवस लागतात.
आज बारावा."

एकवीस.
मी काही बोलत नाही.
योगायोगाचं कौतुक करायची आमच्याकडे रीत नाही,
तो आम्ही वजा करतो.
आकाशगंगेचा घोंगाट वजा, सूर्य वजा,
एफएमवरची जाहिरात वजा,
नारायणगावात मध्यरात्री कुणी कुणाला
लावलेला फोन वजा.
लाखातला एक भाग उरला तर उरला,
तोच जुना.

दुसऱ्या दिवशी पुण्यात, बुधवार पेठेतल्या
एका बोळकांडीएवढ्या दुकानात
अठरा रुपयांचा कपॅसिटर घेते.
दुकानदार विचारतो, "कशाला, पंख्याला?"
"अंड्यांना," मी म्हणते.
तो पुण्याचाच, त्यामुळे पुढं काही विचारत नाही.

चाकणच्या गर्दीत दोन तास गेले.
रात्री डाग दिला. ठिणगी थांबली.
पेटी चालू, पण मुकी.
शेवंताबाईंनी एक अंडं बॅटरीच्या तोंडावर धरलं:
आत तांबूस उजेड,
त्यात केसाएवढ्या शिरा,
आणि एक ठिपका, जो हलला.
मी पुष्कळ आलेख पाहिलेत.
त्यातला एकही माझ्याकडे बघून हलला नव्हता.

नऊ रात्री स्वच्छ मिळाल्या.
सगळं वजा केलं, पुन्हा केलं,
पावणेदोन वर्षं करत राहिले.
लाट सापडली नाही.
एवढंच म्हणता आलं, की ती याहून मोठी असती
तर दिसली असती.

हे सांगायला मुद्दाम खोडदला गेले.
शेवंताबाई पाट्यावर मका भरडत होत्या.
"आमचीपण त्या खेपेला सदतीस फुटली नाहीत,"
त्या म्हणाल्या, "पण मोजून ठेवली."

आमच्या नोंदवहीत त्या रात्रीसमोर
काट्याचं कारण लिहायचा रकाना आहे.
मोटार, वेल्डिंग, उच्चदाबाची तार,
असलं काहीतरी लिहितात लोक.
मी लिहिलं होतं: ऊब.
साहेबांनी ते खोडून
थर्मोस्टॅट केलं.